टिंबाच्या उजवीकडे

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात एका माजी विद्यार्थ्याने हौसेने शाळेचे संकेतस्थळ करून दिले होते. पत्ता होता शाळेचे नाव आणि त्यापुढे डॉट कॉम. पुढे तो विद्यार्थी परदेशी गेला, वार्षिक शुल्क भरायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही आणि एके दिवशी त्या पत्त्यावर शाळेऐवजी 'हे नाव विकणे आहे' अशी पाटी झळकू लागली. मुख्याध्यापकांनी चौकशी केली, तेव्हा मागणी आली दोन हजार डॉलरची. तेच नाव डॉट ऑर्ग लावून घ्यायचे तर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळत होते. सर म्हणाले, "शाळेचं नाव तर तेच आहे. मग शेवटच्या तीन अक्षरांनी एवढा काय फरक पडतो?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायला चाळीस वर्षे मागे जावे लागते. संकेतस्थळाच्या पत्त्यात टिंबाच्या उजवीकडे जे येते त्याला इंग्रजीत एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्याला आडनाव म्हणू. ही आडनावे संगणकशास्त्रज्ञांनी कागदपत्रे लावून ठेवण्याच्या सोयीसाठी ठरवली होती. त्यांतून कोणी श्रीमंत होईल, एखाद्या बेटाचे अंदाजपत्रक त्यांवर चालेल, असे त्यांच्या मनातही नव्हते.

मु. पो., ता., जि.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यात प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असे. क्रमांक माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे दिली जात. कोणत्या नावाचा कोणता क्रमांक, याची एकच यादी होती आणि ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइन्लर या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवीन संगणक जोडायचा असेल तर कचेरीच्या वेळेत त्यांना कळवायचे, त्यांनी यादीत ओळ घालायची आणि मग जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाने ती अख्खी यादी पुन्हा उतरवून घ्यायची. संगणक काहीशे होते तोवर हे चालले. जाळे वाढू लागले तशी यादी लांबली आणि एकाच नावावर दोघांनी हक्क सांगण्याचे प्रसंग येऊ लागले.

ही अडचण आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात वडगाव नावाची गावे किती आहेत, हे पोस्टमनला विचारावे. पत्रावर नुसते 'वडगाव' लिहून भागत नाही. मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. पुणे असे लिहावे लागते. पत्र टपालखात्यात जाते तेव्हा ते शेवटून वाचले जाते: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. जिल्ह्याच्या कचेरीला प्रत्येक घर माहीत असण्याची गरज नसते. तिला तालुके माहीत असले की पुरे.

१९८३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत पॉल मॉकापेट्रिस यांनी नेमकी हीच युक्ती संगणकांच्या नावांना लावली. तिला डोमेन नेम पद्धती म्हणतात. नाव टिंबांनी तोडायचे आणि उजवीकडून वाचायचे. सर्वांत उजवीकडचा तुकडा ज्याच्या ताब्यात, त्याने फक्त आपल्या खालच्यांची यादी ठेवायची. त्यामुळे एक मोठी यादी जाऊन तिच्या जागी हजारो छोट्या याद्या आल्या आणि नावे कितीही वाढली तरी जाळे कोलमडत नाही.

आता प्रश्न उरला, सर्वांत उजवीकडचे 'जिल्हे' कोणते ठेवायचे? त्याचे उत्तर मॉकापेट्रिस यांचे सहकारी जॉन पोस्टेल आणि त्यांच्या साथीदारांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये एका छोट्या दस्तऐवजात दिले. शिक्षणसंस्थांसाठी एज्यु, सरकारासाठी गव्ह, सैन्यासाठी मिल, व्यापारी कंपन्यांसाठी कॉम आणि या कशातच न बसणाऱ्यांसाठी ऑर्ग. लवकरच नेट हेही आले. शिवाय प्रत्येक देशाला दोन अक्षरांचे एक आडनाव. ही दोन अक्षरे नव्याने ठरवण्याच्या भानगडीत पोस्टेल पडले नाहीत. देशांच्या संक्षिप्त नावांची एक आंतरराष्ट्रीय प्रमाणयादी १९७४ पासूनच वापरात होती, ती त्यांनी जशीच्या तशी उचलली.

कोणता प्रदेश देश मानायचा आणि कोणता नाही, हा वाद आपला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १९९४ साली त्यांनी ती पुन्हा स्पष्टपणे लिहून काढली. त्याच दस्तऐवजात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. आडनावाचा कारभार पाहणारा हा विश्वस्त असतो, मालकीची आणि हक्काची भाषा येथे गैरलागू आहे, येथे बोलायचे ते जबाबदारीविषयी आणि सेवेविषयी. हे वाक्य लक्षात ठेवू या. पुढच्या तीस वर्षांत नेमके याच्या उलट घडत गेले.

फुकटची नावे

सिम्बॉलिक्स या मॅसॅच्युसेट्समधल्या संगणक बनवणाऱ्या कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी डॉट कॉममधले पहिले नाव नोंदवले. त्या वर्षाअखेर डॉट कॉमची एकूण नावे होती सहा. शंभरचा आकडा गाठायला १९८७ साल उजाडावे लागले. नावे फुकट मिळत, मागणाऱ्याला मिळत आणि पहिला येईल त्याला मिळत.

विकायची कल्पना कोणाच्या डोक्यात नव्हती, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक कसले? पण 'पहिला येईल त्याला' या नियमात एक मेख होती, आणि ती १९९४ साली एका पत्रकाराने उघडी केली. जोशुआ क्विट्नर यांनी मॅक्डोनाल्ड्स या नावाचे डॉट कॉम स्वतःसाठी नोंदवले. त्यांचे त्या कंपनीशी काही नाते नव्हते. आधी त्यांनी कंपनीला विचारले होते, पण तिथे कोणाला त्यात रस वाटला नव्हता. मग त्यांनी सारा किस्सा मासिकात लिहून प्रसिद्ध केला. अखेर ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेला इंटरनेट जोडून देण्यासाठी कंपनीने साडेतीन हजार डॉलर द्यावेत, या बोलीवर त्यांनी नाव परत केले. नावाच्या बदल्यात पैसा मोजल्याच्या पहिल्या गाजलेल्या घटनांपैकी ही एक, आणि तो पैसा एका शाळेला मिळाला, हे आपण शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सप्टेंबर १९९५ पासून अमेरिकेत नोंदणीसाठी शुल्क सुरू झाले: पहिल्या दोन वर्षांचे शंभर डॉलर. शुल्काने गर्दी कमी होईल असे वाटले असेल तर ते खोटे ठरले. फुकटच्या वस्तूला भाव नव्हता, शुल्क लागताच ती मालमत्ता वाटू लागली. 'बिझनेस' या शब्दाचे डॉट कॉम १९९७ साली दीड लाख डॉलरला विकले गेले आणि दोनच वर्षांनी ७५ लाख डॉलरला.

डॉट कॉमची सवय

येथे आपल्या मूळ प्रश्नाला हात घालता येतो. 'बिझनेस' याच शब्दाला डॉट नेट किंवा डॉट ऑर्ग लावले असते तर एवढा भाव का आला नसता? यंत्राच्या दृष्टीने तिन्ही आडनावे सारखीच. तिन्हींचा शोध तितक्याच वेगाने लागतो. फरक आहे तो माणसांच्या सवयीत.

१९९०च्या दशकात सर्वसामान्य माणसाची इंटरनेटशी ओळख झाली ती कंपन्यांच्या जाहिरातींतून, आणि कंपन्या डॉट कॉमवर होत्या. त्या वेळच्या लोकप्रिय नेटस्केप ब्राउझरमध्ये नुसता एक शब्द टंकला तर तो आपणहून पुढे डॉट कॉम लावून पाहत असे. परिणाम असा झाला की शब्द ऐकला की लोक पुढे 'डॉट कॉम' आहे असे गृहीतच धरू लागले. ज्याच्याकडे डॉट कॉम नाही, त्याची जाहिरात ऐकून निघालेले काही गिऱ्हाईक वाटेत दुसऱ्याच्या दुकानात शिरते. डॉट कॉमची वाढीव किंमत म्हणजे या वाट चुकलेल्या गिऱ्हाइकाची किंमत होय.

याचे उत्तम उदाहरण ओव्हरस्टॉक या अमेरिकन कंपनीचे आहे. कोलंबिया देशाचे आडनाव आहे 'सीओ'. कॉममधले एक अक्षर गाळले की सीओ होते, शिवाय इंग्रजीत कंपनी या शब्दाचा तो संक्षेप. म्हणून २०१० साली ते जगभरासाठी खुले करण्यात आले. ओव्हरस्टॉकने 'ओ' हे एकच अक्षर आणि पुढे डॉट सीओ, असा सुटसुटीत पत्ता साडेतीन लाख डॉलरला घेतला. ऑकलंडच्या क्रीडासंकुलालाही हेच नाव दिले. पण जाहिरात ऐकणारे लोक सवयीने 'ओ डॉट कॉम' टंकू लागले, आणि असे संकेतस्थळ अस्तित्वातच नव्हते, कारण डॉट कॉममधली बहुतेक एकाक्षरी नावे राखून ठेवलेली आहेत. काही महिन्यांतच कंपनीने अमेरिकेत आपले जुने लांबलचक नाव पुन्हा पुढे केले.

उलट उदाहरणही पाहू. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासाचे संकेतस्थळ व्हाइट हाउस डॉट गव्ह. याच नावाच्या डॉट कॉमवर १९९७ पासून कित्येक वर्षे मुलांसमोर उघडू नये असे काहीतरी होते. नागरिकशास्त्राचा अभ्यास करणारी मुले शाळेत बसून सवयीने डॉट कॉम टंकत आणि शिक्षकांची तारांबळ उडे. एका आडनावाच्या चुकीने माणूस कुठल्या कुठे पोचतो, याचा हा धडा होता.

ही सवय अजून मोडलेली नाही. २०१९ साली 'व्हॉइस' या शब्दाचे डॉट कॉम ३ कोटी डॉलरला विकले गेले. २०२३ साली धर्मेश शाह या उद्योजकाने 'चॅट' शब्दाचे डॉट कॉम १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतले आणि पुढे ते चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयकडे गेले. त्याच वर्षी शाह यांनी 'यू' या शब्दाचे डॉट एआय घेतले ते सात लाख डॉलरला. शब्द वेगळे आहेत, त्यामुळे तुलना काटेकोर नव्हे, पण आडनावांमधल्या अंतराचा अंदाज येतो.

बेटांची सोडत

आता देशांच्या दोन अक्षरी आडनावांकडे वळू. त्यांची कथा जास्त रंजक आहे आणि थोडी अस्वस्थ करणारीही.

प्रशांत महासागरातले तुवालू हे नऊ लहान बेटांचे राष्ट्र. एकूण जमीन २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या दहा-अकरा हजार, समुद्रसपाटीपासूनची उंची बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर. पूर्वी उत्पन्नाचे साधन काय, तर खोबरे, मासेमारीचे परवाने आणि आपले विद्यार्थी जमवतात तशी रंगीत टपालतिकिटे. १९७८ साली देश स्वतंत्र झाला. प्रमाणयादीत तुवालूच्या नावापुढे अक्षरे पडली टी आणि व्ही. टीव्ही! दूरचित्रवाणीशी या देशाचा सुतराम संबंध नव्हता, पण जगातल्या प्रत्येक चित्रवाणी कंपनीला हे आडनाव हवेसे वाटणार हे उघड होते.

२००० साली तुवालूने एका अमेरिकन कंपनीशी करार केला: बारा वर्षांत ५ कोटी डॉलर. त्या पैशांतून राजधानीच्या बेटावर डांबरी रस्ता झाला, रस्त्यावर दिवे आले. आणि महत्त्वाचे म्हणजे त्याच वर्षी ५ सप्टेंबरला तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा १८९वा सदस्य झाला. सदस्यत्वाचा आणि न्यूयॉर्कमधल्या कचेरीचा खर्च त्याआधी या देशाला झेपत नव्हता. म्हणजे एका आडनावाने या देशाला जगाच्या सभेत खुर्ची मिळवून दिली. समुद्राची पातळी वाढून आपली भूमी बुडते आहे, हे सांगायला तुवालूला या खुर्चीचा किती उपयोग झाला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला या ब्रिटिश प्रदेशाची गोष्ट याहून नवलाची. क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस किलोमीटर, वस्ती सोळा हजारांच्या आसपास. त्याची अक्षरे ए आणि आय. गंमत म्हणजे १९७७ पर्यंत ही अक्षरे आफ्रिकेतल्या एका फ्रेंच वसाहतीकडे, 'अफार आणि इस्सा' प्रदेशाकडे होती. तो प्रदेश जिबुती नावाने स्वतंत्र झाला, त्याची अक्षरे बदलली, आणि मोकळी झालेली जोडी पुढे अँग्विलाच्या वाट्याला आली. १९९५ पासून हे आडनाव वापरात आहे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रत्येक नव्या कंपनीला डॉट एआय हवे झाले. २०२३ या एका वर्षात नोंदणीतून अँग्विला सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख अमेरिकन डॉलर मिळाले. सरकारच्या एकूण उत्पन्नाचा हा पाचवा हिस्सा. पर्यटनावर जगणारे हे बेट २०१७ सालच्या इर्मा चक्रीवादळाने होरपळले होते. वादळाने उडून जाणार नाही असे उत्पन्नाचे साधन त्याला मिळाले ते केवळ दोन अक्षरांमुळे.

सोडतीचा लाभ सर्वांनाच झाला असे मात्र नाही. प्रशांत महासागरातल्याच निउए बेटाचे आडनाव 'एनयू'. स्वीडिश भाषेत 'नू' म्हणजे 'आत्ता'. त्यामुळे स्वीडनमध्ये या आडनावाचा मोठा खप झाला. पण त्याचा ताबा सुरुवातीपासून बेटाबाहेरच्या लोकांकडे गेला आणि निउए सरकारला आपल्याच नावासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या.

सर्वांत कटू कथा डॉट आयओची. संगणकाच्या भाषेत आय आणि ओ म्हणजे इनपुट आणि आउटपुट. त्यामुळे सॉफ्टवेअर कंपन्यांचे हे लाडके आडनाव. प्रत्यक्षात ते ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे, म्हणजे आपल्या दक्षिणेला असलेल्या चागोस बेटांचे. दिएगो गार्सिया येथे अमेरिकेचा सैनिकी तळ उभारण्यासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना हलवले आणि मॉरिशस व सेशेल्समध्ये नेऊन सोडले. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९९७ साली, त्या ओसाड केलेल्या बेटांचे आडनाव जगभर विकायला सुरुवात झाली. विस्थापितांनी त्यातला आपला वाटा मागितला आहे. पोस्टेल ज्या विश्वस्ताविषयी बोलत होते, तो येथे कोणाचा विश्वस्त होता, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

देश गेला तर?

देशाचे आडनाव विकत घेणाऱ्याने आणखी एक जोखीम मोजायची असते. देश कायमचे नसतात. चेकोस्लोव्हाकिया दुभंगला आणि त्याचे 'सीएस' आडनाव १९९५ साली बंद झाले. झाईरचे 'झेडआर' २००१ साली गेले. युगोस्लाव्हियाचे 'वाययू' तर देश मोडल्यानंतर बरीच वर्षे रेंगाळून ३० मार्च २०१० रोजी बंद करण्यात आले. त्या आडनावाखालच्या साऱ्या पत्त्यांना दुसरे घर शोधावे लागले. याला अपवाद सोव्हिएत संघाचा. देश १९९१ मध्ये संपला, तरी त्याचे 'एसयू' पुढेही चालू राहिले.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोस बेटांच्या सार्वभौमत्वाच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा डॉट आयओ घेतलेल्या कंपन्यांच्या पोटात गोळा आला तो याच इतिहासामुळे. म्हणजे फेरविक्रीच्या किमतीत हस्तांतराचे राजकारणही मिसळलेले असते.

फुकट आणि अमाप

किंमत वाढवणाऱ्या गोष्टी पाहिल्या, आता उतरवणाऱ्या. न्यूझीलंडच्या छत्राखालील टोकेलाऊ या दीड हजार वस्तीच्या बेटसमूहाचे आडनाव 'टीके'. ते चालवणाऱ्यांनी नावे फुकट वाटायला सुरुवात केली. नोंदणीचा आकडा इतका फुगला की एके काळी देशांच्या आडनावांत हे जगात सर्वांत मोठे ठरले. पण फुकट पत्ता हा फसवणूक करणाऱ्यांना सोयीचा. आज उघडा, उद्या पळा. लवकरच लोक आणि संगणकसुद्धा या आडनावाकडे संशयाने पाहू लागले आणि २०२३ साली फुकट वाटप थांबले. एका बदनाम पेठेत चांगले दुकान काढले तरी त्याला भाव येत नाही, तसेच हे.

दुसरे कारण विपुलता. डोमेन नावांचा जागतिक कारभार १९९८ पासून आयकॅन ही संस्था पाहते. तिने २०१२ साली नव्या आडनावांसाठी अर्ज मागवले. अर्जाचे शुल्क होते १ लाख ८५ हजार डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. शॉप, ऑनलाइन, साइट, क्लब अशी हजाराहून अधिक आडनावे त्यातून निघाली. गणिताच्या शिक्षकाला हे लगेच कळेल: एकाच शब्दाला हजार आडनावे लावता येऊ लागली, म्हणजे त्या शब्दाचे पत्ते हजारपट झाले. गिऱ्हाईक मात्र हजारपट झाले नाही. त्यामुळे नव्या आडनावांतली बहुतेक नावे फेरविक्रीला काढली तर नोंदणीचा खर्चही सुटत नाही. नव्या पुरवठ्याने जुन्या डॉट कॉमचा भाव पाडला असेही झाले नाही. गर्दीत माणूस ओळखीचा चेहरा शोधतो, तसे उलट त्याचे वजन टिकले. आज डॉट कॉमखाली १५ कोटींहून अधिक नावे आहेत.

पागडीची खोली

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाव 'विकत घेतले' असे आपण म्हणतो, पण त्याचा सातबारा कोणाच्याच नावावर होत नाही. नाव ठरावीक मुदतीने मिळते. डॉट कॉममध्ये एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षे. मुदत संपली, शुल्क भरले नाही, तर सवलतीचे काही आठवडे मिळतात आणि मग नाव पुन्हा मोकळे होते. मुंबईच्या चाळीतली पागडीची खोली आठवावी. खोलीचा मालक वेगळा, भाडे दरमहा भरायचेच. पण खोलीतला हक्क दुसऱ्याला देताना भाडेकरू घसघशीत रक्कम घेतो. डोमेन नावाची फेरविक्री ही अशीच पागडी आहे. गिरगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीला जो भाव, तो दूरच्या उपनगरातल्या तेवढ्याच खोलीला नाही. खोली तीच, पत्ता वेगळा.

आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर पागडी घेता येत नाही, हेही न्यायालयांनी सांगून ठेवले आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ साली असे प्रकरण आले होते. रेडिफ या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या नावातले एकच अक्षर बदलून 'रॅडिफ' असे डॉट कॉम कोणी घेतले होते. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण आहे, असे म्हणत न्यायालयाने त्याला मनाई केली. त्याच वर्षी आयकॅननेही अशा तंट्यांसाठी जागतिक नियमावली केली.

न विकता येणारे नाव

भारताचे आडनाव 'इन' मे १९८९ मध्ये आपल्याला मिळाले. सुरुवातीची पंधराएक वर्षे मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून त्याचा कारभार चाले. नियम कडक, त्यामुळे नावे काही हजारच. जानेवारी २००५ मध्ये नवी व्यवस्था आली, नोंदणी सर्वांना खुली झाली आणि मग डॉट इनलाही बाजार मिळाला. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले 'भारत' हे आडनाव आले. मराठीतही संपूर्ण पत्ता लिहिता येऊ लागला, पण पाट्यांवर तो अजून क्वचितच दिसतो. येथेही आड येते ती सवय.

मात्र डॉट इनच्या अंगणात काही कुंपणे तशीच राहिली. सरकारसाठी गव्ह डॉट इन, शिक्षणसंस्थांसाठी एसी डॉट इन आणि एज्यु डॉट इन. कागदपत्रे दाखवल्याशिवाय ही मिळत नाहीत आणि बाजारात विकताही येत नाहीत. फेरविक्रीची किंमत शून्य! आणि तरीही, नव्हे म्हणूनच, त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना 'बँक डॉट इन' या राखीव आडनावाखाली येण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली, त्याचे कारण हेच. जे आडनाव कोणालाही विकत मिळते, ते ठगालाही मिळते.

म्हणजे आडनावाची दोन मोले आहेत. एक बाजारातले. ते सवयीवर, टंचाईवर आणि लौकिकावर ठरते. दुसरे विश्वासाचे. ते नाव कोणाला मिळू शकत नाही, यावर ठरते. पोस्टेल यांना अभिप्रेत होते ते दुसरे. बाजाराने मोठे केले ते पहिले.

मुख्याध्यापकांना मी एवढेच सुचवले, की दोन हजार डॉलर देऊ नका. शाळेला विकायचे काहीच नाही, तर फेरविक्रीचा भाव तिने का मोजावा? शाळेची कागदपत्रे जोडून एज्यु डॉट इनसाठी अर्ज करा आणि नूतनीकरणाची तारीख कचेरीच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. त्यांनी दोन्ही केले. जुन्या पत्त्यावर 'विकणे आहे' ही पाटी दोन वर्षे होती, नंतर तीही गेली.

वर्गात करता येईल असे एक काम सांगून थांबतो. वर्तमानपत्रांतून, दुकानांच्या पिशव्यांवरून, एसटीच्या तिकिटावरून मुलांना संकेतस्थळांचे पत्ते जमवायला सांगावे. पन्नास झाले की ते उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि आडनावांप्रमाणे गट करायचे. प्रत्येक गटाला तीन प्रश्न: हे आडनाव कोणाला मिळते? कोणाला मिळत नाही? ते कोणत्या देशाचे आहे, आणि त्या देशातल्या माणसांना त्याचे काय मिळते? नकाशा जवळ असू द्यावा. तुवालू शोधताना मुलांना भिंगाची गरज लागेल.